मोरढवचा शिदू कामी आला

फार वर्षांपूर्वी, म्हणजे आज ज्यांच्या नावानं तुम्ही पितर जेवू घालता ते स्वतः उघडेनागडे ओढ्यात डुंबत होते त्या काळी, मोरढव गावात शिदू नावाचा एक गडी होऊन गेला. मोरढव कुठं, म्हणून विचारू नका. घाट चढून माळाला लागायचं आणि भेटेल त्याला शिदूचं गाव विचारायचं. ज्याला ठाऊक नसेल त्याला खुशाल गाढव म्हणायचं. मात्र जरा लांब उभं राहून म्हणायचं.

मोरढवानं तोवर लढाई पाहिली नव्हती. नाही म्हणायला बांधावरून रोज एक व्हायची, आणि पाणवठ्यावर बायकांची व्हायची ती निराळी. पण पलटणीत गेलेला माणूस गावात औषधाला नव्हता. आजूबाजूच्या गावांत घरटी एक शिपाई, आणि मोरढवात घरटी एक शहाणा. पलटणीची चाल कशी, बोली कशी, तिथं कुठल्या शब्दाचा काय अर्थ लावतात, ह्यातलं ह्या शहाण्यांना काडीचं कळत नव्हतं. पुढं जो घोटाळा झाला तो त्यामुळंच झाला.

शिदूचा बाप हैबती. कष्टाळू माणूस, सरळ माणूस, पण तोंडाचा असा फटकळ की त्याच्या शिव्या ऐकून बैल कान पाडायचे आणि कणसांवरची पाखरं उडून जायची. राखणीला गोफण लागायची नाही, हैबती नुसता बोलला तरी पुरे. ठकूबाई त्याची कारभारीण. ती कमी बोलायची, कारण घरात बोलण्याचा सगळा कोटा नवराच संपवायचा.

दोघांना हा एकच पोरगा, नवसाचा. वाढला तो असा वाढला की दारातून आत यायचं तर आधी वाकायचा आणि मग आडवा व्हायचा. त्याच्या पाठीवर उन्हाळ्यात कोंबड्या सावलीला बसायच्या, असं म्हणतात. हैबतीला वाटलं, झालं, आता मोटेला बैल नकोत. पण कसलं काय! घरचं काम म्हणून ह्या गड्याच्या हातून होईना. आळशी म्हणावा तर तसाही नव्हता. खोड अशी होती, की कुणाच्या डोक्यावर ओझं दिसलं की ह्याचे पाय तिकडं वळायचे. नांगर धरायला निघावं, तर वाटेत एखादी म्हातारी सरपणाची मोळी घेऊन वाकलेली. "आण इकडं, आज्जे." मोळी म्हातारीच्या दारात. तिथून परतावं, तर कुणाचं वासरू लंगडतंय. ते खांद्यावर. वासराच्या मालकाकडं पोचावं, तर त्याचा वासा चढवायचाय. दिवस मावळायला शिदू घरी यायचा तो घामानं निथळत, हसत हसत, आणि नांगर सकाळी होता तिथंच आभाळाकडं तोंड करून उभा.

एकदा कुंभाराचं गाढव ओढ्यात बसलं ते उठेचना. शिदूनं गाढव उचललं, पाठीवरच्या मडक्यांसकट उचललं, आणि कुंभाराच्या दारात नेऊन ठेवलं. एक मडकं फुटलं नाही, असं म्हणतात. गाढवानं त्या दिवसापासून चालणंच सोडलं, असंही म्हणतात.

सारं गाव हसलं. हैबती तेवढा हसला नाही.

"गावाचा हमाल झालाय माझा पोरगा!" तो चावडीपुढं उभा राहून ओरडला. "आरं ए रेड्या, दुसऱ्याची वझी वाहतोस, माझ्या रं काय कामी येणार तू?"

"येईन की आबा," शिदू म्हणाला.

"कवा?"

"बगू."

"बगू! ह्यो बगणार! आरं, तू कुणाच्या म्हणून कामी यायचा न्हाईस. ल्याहून ठेव!"

लिहून कोण ठेवणार? दोघांनाही लिहिता येत नव्हतं. पण गावाच्या ध्यानात राहिलं, कारण हैबती हे रोज म्हणायचा. सकाळी तोंड धुताना म्हणायचा, जेवताना घास थांबवून म्हणायचा. देवळात नमस्कार करताना देवालासुद्धा सांगायचा, की बाबा रे, दिलास तर पोरगा दिलास, पण निकामी दिलास.

अशातच तिकडं मुलखाबाहेर मोठी लढाई पेटली. सरकारला माणसं कमी पडायला लागली. भरतीवाले गावोगाव फिरायला लागले. मोरढवात ते आले तेव्हा गावातले सगळे शहाणे अचानक आजारी पडले. कुणाला पोटशूळ, कुणाला ताप, आणि एक तर चांगला डोळस माणूस भिंतीला धडकून आंधळा झाला. भरतीवाले कपाळाला हात लावून पुढच्या गावाला निघाले.

त्याच दिवशी हैबतीनं शिदूला बाजारात मिठाला पाठवलं होतं. जाताना नेहमीचा आहेर दिला होता: "मीठ तरी धड आण. न्हाईतर मिठाच्याबी कामी येऊ नकोस." शिदू निघाला. वाटेत पाहतो तर भरतीवाल्या साहेबाची लोखंडी पेटी, आणि ती उचलणारे दोन गडी चढाला टेकीला आलेले. आता तुम्हीच सांगा, शिदू काय करणार? त्यानं पेटी डोक्यावर घेतली. पुढच्या गावात नेली. तिथून त्याच्या पुढच्या गावात नेली. साहेब घोड्यावर आणि शिदू पेटीखाली, आणि घोडा मागं पडला, असं म्हणतात. शेवटी जिल्ह्याच्या गावी छावणीत पेटी उतरवली तेव्हा साहेबानं त्याला वरपासून खालपर्यंत पाहिलं आणि विचारलं, पलटणीत येतोस का?

"तिथं काम काय असतं?" शिदूनं विचारलं.

"लढायचं."

"ते न्हाई जमायचं. दुसरं काय?"

साहेब हसला. म्हणाला, लढाईत जखमी होऊन पडलेली माणसं उचलून आणायची असतात.

"ते जमंल," शिदू म्हणाला.

अशी ही मोरढवची पहिली आणि एकुलती एक भरती. लोक पलटणीत भरती होतात, शिदू वाटेत भरती झाला. घरी निरोप आला तो त्याच बाजारच्या वाण्याकडून, मिठाच्या पुडीसोबत. मीठ आलं. पोरगा आला नाही.

हैबतीनं आभाळ डोक्यावर घेतलं. "मिठाला गेला आन् लढाईला पोचला! वाट चुकावी तर किती चुकावी माणसानं!" पण त्या दिवशी तो जेवला नाही. ठकूबाईनं ते मीठ वेगळ्या मडक्यात ठेवलं. भाजीत घालायला तिचा हात होईना. लोक दारावरून जाताना विचारायचे, "काय हैबतीबुवा, पोराची काय खबर?" हैबती म्हणायचा, "खबर काय असणार? तितंबी कुनाच्या कामी येत नसंल." आणि लोक पुढं गेले की बराच वेळ वाटेकडं बघत बसायचा. ओझं घेऊन कुणी चाललेलं दिसलं की आता तो मान फिरवायचा. त्याला ते बघवत नव्हतं.

मग एके दिवशी, मळणीच्या ऐन धांदलीत, शेजारच्या गावचे पेन्शनर हवालदार रंगोजी इंगवले मोरढवात आले. अंगात पलटणीचा डगला, छातीवर बिल्ले, मिशा अशा कडक की वर लिंबू ठेवावं. सगळं गाव खळी सोडून मागं मागं आलं. हवालदार थेट हैबतीच्या खळ्यात गेले. पायातले बूट काढले. ताठ उभे राहिले. कपाळाला हात नेला आणि भरल्या आवाजात म्हणाले,

"हैबतराव, सरकारातून सांगावा आलाय. तुमचा शिदू लढाईत कामी आला."

 हैबतीच्या हातातून दाताळं गळालं. तो हवालदाराच्या तोंडाकडं बघत राहिला.

"काय म्हनला? परत म्हना."

"कामी आला, हैबतराव. शिदू कामी आला."

आणि हैबती असा काही ओरडला की पिंपळावरची वटवाघळं उडाली.

"ऐकलं का रं! ऐकलं का समद्यांनी! माझा शिदू कामी आला! सरकार म्हनतंय! मी न्हाई म्हनत, सरकार म्हनतंय!"

त्यानं हवालदारांना मिठी मारली. बिल्ले त्याच्या उघड्या छातीत रुतले, त्याला कळलंही नाही. तसाच घरात पळाला आणि सणासाठी ठेवलेली गुळाची अख्खी ढेप उचलून आणली. दगडावर आपटून फोडली. "घ्या! तोंड गोड करा! निकामी म्हनत हुतो मी त्येला, घाला माझ्या तोंडात माती आन् तुमच्या तोंडात गूळ! काय रं दाद्या, तू हसत हुतास ना? घे, दोन खडे घे!" कुणीतरी हलगी आणली. हलगी कडाडली. पोरं नाचली, म्हातारी माणसं नाचली, बैल खळं तुडवायचं सोडून बघत राहिले. आणि हैबती मधोमध, दोन्ही हात वर, मुठीत गूळ, डोळ्यांतून धारा. उभ्या जन्मात त्याला कुणी नाचताना पाहिलं नव्हतं.

तुम्ही हसताय. हसा. मोरढवातले लोकही पुढं कैक वर्षं ह्याला हसले, पण हसता हसता पदर डोळ्यांना लावून हसले. पलटणीच्या बोलीत 'कामी आला' म्हणजे काय, हे त्या खळ्यात एकालाही ठाऊक नव्हतं. नाही म्हणायला एकाला होतं, त्या हवालदारांना. ते बिचारे हातात गुळाचा खडा तसाच धरून उभे होते. त्यांना वाटलं, अरे, हा केवढा बाप! एकुलता एक पोरगा पडला, आणि हा गूळ वाटतो! असला बाप मी पाहिला नाही! त्यांनी हैबतीला आणखी एकदा सलाम केला. हैबतीनंही त्यांना उलट सलाम ठोकला, डाव्या हातानं.

ठकूबाई तेवढी नाचत नव्हती. ती हवालदारांच्या हाताकडं बघत होती. सगळ्यांनी गूळ खाल्ला, ह्या माणसानं का खाल्ला नाही? ती जवळ आली. पदर सारखा केला.

"दादा," ती म्हणाली, "कामी आला ते बरं झालं. पर घरी कदी येनार?"

हवालदारांनी मान खाली घातली. मग त्यांना समजलं, की ह्या खळ्यात कुणाला काही कळलेलंच नाही. 

"अक्का, कामी आलेला मानूस माघारी येत न्हाई."

हलगी वाजवणाऱ्याला हे ऐकू गेलं नव्हतं. तो वाजवतच होता. ठकूबाई हळूच गेली आणि तिनं हलगीवर पालथा हात ठेवला.

मोरढवात त्यानंतर जी शांतता झाली ती अशी, की ओढ्याचं पाणीसुद्धा थांबलं होतं, असं म्हणतात. ज्यांच्या तोंडात गूळ होता त्यांना तो गिळवेना आणि थुंकवेना. हैबती वर केलेले हात तसेच धरून उभा. बऱ्याच वेळानं हात खाली आले.

"हवालदार," तो म्हणाला, आणि त्याचा आवाज कुणाला ओळखू आला नाही. "ह्ये तुमच्या पलटणीतलं झालं. आमच्या गावात कामी येनं म्हंजी कुनाच्या तरी उपेगी पडनं. आमच्या बोलीत सांगा. पोरगा कुनाच्या कामी आला का?"

हवालदारांना ते ठाऊक नव्हतं. सांगावा तेवढाच होता.

"मग मी ह्यो गूळ खरा वाटला का खोटा वाटला?"

 हवालदार बूट हातात घेऊन गावाबाहेर गेले. वेशीबाहेर जाईपर्यंत त्यांनी ते पायात घातले नाहीत.

दहाव्याला भटजी आले. हैबतीनं त्यांना दारातूनच परत पाठवलं. "गूळ खरा का खोटा ते कळल्याबिगर मी पिंड ठेवनार न्हाई. मेला, तर कुनासाठी मेला? जन्मभर मी त्येला निकामी म्हनलो. तसाच गेला असंल, तर कंच्या तोंडानं पानी देऊ?" लोकांनी समजावलं. भाऊकीनं दटावलं, की अरे, पोराचा जीव लटकत राहील, गावाला त्रास होईल. हैबती म्हणाला, "राहू द्या लटकत. मीबी लटकतोय." आणि त्या दिवसापासून त्याच्या तोंडातून शिवी गेली. बैल बावरले. पाखरं कणसं खाऊन गेली. हैबतीला एवढं शांत पाहून गावाला भीती वाटायला लागली. हैबती, अरे एखादी तरी हासड, म्हणून माणसं विनवायची.

लढाई संपली. पावसाळा गेला, दुसरा गेला. आणि एका सकाळी वेशीबाहेर एक परका माणूस येऊन थांबला. अंगात फाटका खाकी डगला, काखेत कुबडी, एक पाय गुडघ्यापासून नाही. आत येईना. वेशीवरूनच त्यानं हाळी दिली, "शिदूदादाचं घर कंचं?"

हैबती धावत गेला. मागून गाव गेलं.

"आत या की, पाव्हणं."

"मी सोनजी. खाली कोकणातला," तो माणूस म्हणाला. "जातीनं महार. हितंच बरा हाय. सांगायचं ते सांगतो आन् जातो."

लोक दोन पावलं मागं सरकले. त्या काळी सरकत होते, काय लपवायचं? हैबती सरकला नाही. तिथंच मातीत बसला. "सांग," म्हणाला.

मग सोनजीनं जे सांगितलं ते मोरढव आजही सांगतं. समुद्रापलीकडं बसरा म्हणून मुलूख आहे. तिथं सावली नाही, दगड नाही, झाड नाही. वर सूर्य आणि खाली चिखल. तिथं एका नदीच्या पलीकडं मोठी धुमश्चक्री झाली. माणसं अशी पडली, जशा वळवात कैऱ्या. आणि त्या मारातून एक डोंगराएवढा गडी वाकून जायचा आणि माणूस पाठीवर घेऊन यायचा. डोली असली तर डोलीतून, नसली तर पाठीवर. आपला असो, परका असो. एकदा तुर्काचा शिपाई उचलून आणला. साहेब म्हणाले, अरे, हा दुश्मन! शिदू म्हणाला, मला काय ठाऊक, कण्हत तर मराठीतच होता. गोळ्या त्याच्या अंगाला वळसा घालून जायच्या, असं म्हणतात. त्यांनाही वाट द्यावीशी वाटायची.

सोनजी त्या दिवशी नदीपलीकडं चिखलात पडला होता. पाय गेलेला, घशाला कोरड. संध्याकाळ व्हायला आली. शिदू आला, पाठ करून उकिडवा बसला आणि एवढंच म्हणाला, "चढ."

"दादा, मी महार हाय."

"आदी चढ, मग सांग. जड वाटलास तर बगू."

सोनजी चढला. शिदू चालायला लागला. चिखल गुडघ्याएवढा. मध्येच शिदूला हिसका बसला. सोनजीनं विचारलं, काय झालं? "ठेच लागली," शिदू म्हणाला. सोनजीच्या ध्यानात आलं नाही, की त्या मुलखात दगडच नाही, ठेच लागणार कशाची? चालता चालता शिदू गावाची गोष्ट सांगत होता. आमचा आबा फार गोड बोलतो, म्हणत होता. नदी आली तसा तो बोलायचा थांबला. पाणी छातीला लागलं, गळ्याला लागलं. सोनजीनं हाक मारली, ओ नाही. पण पाय चालत होते. नदी ओलांडली, वाळू ओलांडली, दवाखान्याचा तंबू आला. सोनजीचा धड पाय जमिनीला टेकावा एवढा शिदू अलगद खाली बसला, जसा ओझं उतरवताना बसायचा, आणि तसाच बसून राहिला. डॉक्टरनं छातीला हात लावला. मागून पुढून पाहिलं. मग डॉक्टरनं डोक्यावरची टोपी काढली. म्हणाला, ह्या माणसाचं अंग थंड पडलंय. हा नदीपलीकडंच मेलाय.

"मेलेल्या मानसानं मला नदी पार करून आनलं," सोनजी म्हणाला. "समद्या छावनीनं टोप्या काढल्या, बाबा. मी जित्ता हाय तो तुमच्या पोराचा. माझ्या घरी दोन लेकरं हायत, तीबी त्येचीच."

हैबतीनं मातीत हात टेकले. मग उठला. सोनजीकडं पाठ करून उकिडवा बसला.

"चढ," म्हणाला.

"बाबा, गाव बगतंय..."

"बगू दे. चढ."

आणि म्हातारा हैबती त्या माणसाला पाठीवर घेऊन वेशीतून आत आला. भाऊकीतला एक आडवा आला. त्या दिवशी हैबतीच्या तोंडात शिवी परत आली, आणि ती एवढी मोठी होती, की आडवा आलेला माणूस बाजूला झाला तो पुन्हा आयुष्यात कुणाला आडवा गेला नाही.

दुसऱ्या दिवशी ढवाच्या, म्हणजे गावच्या नदीतल्या डोहाच्या, काठावर पिंड ठेवला. सगळं गाव जमलं. सोनजी हैबतीच्या शेजारी बसला. कावळे आले, झाडावर बसले. खाली एक येईना. ऊन चढलं. लोक एकमेकांकडं बघायला लागले. आता काय राहिलं?

तेव्हा मागून एक पार वाकलेली म्हातारी उठली. "माझा धनी तापानं फनफनला हुता," ती म्हणाली, "तवा शिदूनं त्येला वैद्याकडं नेला. पावसात. धनी वाचला. मी कदी बोलले न्हाई, तुमी वरडाल म्हनून." ती बसली तसा तेली उठला, की घाण्याची लाट मोडली तेव्हा शिदूनं नवं लाकूड रानातून एकट्यानं आणलं. मग एक सुवासीण उठली, की माहेरी जाताना पूर आला, शिदूनं मला आणि माझ्या तान्ह्याला डोक्यावरच्या पाटीत बसवून पार केलं, आणि मी बसल्या बसल्या झोपले. एकामागं एक माणसं उठायला लागली. मोरढवात असं घर निघेना जिथलं काही शिदूनं वाहिलं नव्हतं. हैबती ऐकत होता. ज्या ज्या दिवशी नांगर उभा राहिला होता, त्या त्या दिवसाचा हिशेब त्याच्यापुढं मांडला जात होता, आणि त्याला मान वर करवत नव्हती.

सगळे बोलून झाले. कावळे बसलेलेच.

ठकूबाई नवऱ्याकडं वळली. "आता तुमी राह्यलात."

"माझं त्यानं काय वाहिलं?" हैबती म्हणाला. "माझं तर कायबी..." आणि थांबला. ओठ हलत राहिले. मग तो पिंडाकडं बघून बोलला.

"शिव्या. जल्मभर माझ्या शिव्या वाहिल्यास, लेकरा. एक खाली टाकली न्हाईस. एक माघारी दिली न्हाईस. आन् लोकाला सांगितलंस, आबा गोड बोलतो."

झाडावरून एक कावळा सुटला आणि सरळ पिंडावर आला. बाकीचे हलले नाहीत. त्या एकट्यानं खाल्लं आणि तो नदीच्या अंगानं उडून गेला. त्याचे पंख एवढे मोठे होते, की काठावरच्या सगळ्या माणसांवरून सावली सरकत गेली, असं म्हणतात.

हैबतीनं राहिलेली गुळाची अर्धी ढेप मागवली आणि तिथंच वाटली. ह्या वेळी सगळ्यांनी गूळ गिळला.

तेव्हापासून मोरढवात माणूस वारत नाही, मरत नाही, देवाघरी जात नाही. मोरढवात माणूस कामी येतो. परक्या गावाला सांगावा जातो तोही असाच. आणि नुसतं म्हणून भागत नाही. तिरडी बांधून तयार झाली, की सगळं गाव गप्प उभं राहतं. हा माणूस कुणाच्या कामी आला, हे कुणीतरी एकानं पुढं होऊन सांगावं लागतं. ते झालं की सगळ्यांनी गुळाचा खडा गिळायचा, आणि मगच तिरडी उचलायची. आणि खोटं बोललेलं चालत नाही. खोटं बोलल्यावर तिरडी जड होते, असं म्हणतात.

मागं दौलू म्हणून एक इसम कामी आला. चोर, दारूबाज, भांडकुदळ. बायको पळून गेलेली, भावाशी वैर. सकाळी तिरडी बांधली, दुपार झाली, कुणी पुढं येईना. खांदेकऱ्यांना उन्हात उभं राहून चक्कर यायला लागली. शेजारचा म्हणाला, "आरं, काहीतरी बोला, न्हाईतर आपल्यालाबी हितंच कामी यावं लागंल!" दिवस कलला तेव्हा पलीकडच्या आळीतली एक विधवा कंटाळून पुढं आली. म्हणाली, "ह्या मुडद्याच्या भ्यानं मी रोज दाराला कडी लावायची सवय केली. त्या साली बिबट्या गावात शिरला तवा माझी लेकरं कडीआड हुती. घ्या, उचला." आणि दौलूची तिरडी अशी हलकी झाली की खांदेकरी जवळजवळ पळतच निघाले.

पण परवाच्या साली एक तान्ही पोर कामी आली. जन्मली आणि सूर्य डोक्यावर यायच्या आत डोळे मिटले. तिच्यासाठी कोण काय सांगणार? तिनं कुणाची मोळी वाहिली होती? गाव दारात उभं राहिलं, माना खाली घालून.  तेव्हा तिची आई, ओली बाळंतीण, भिंतीला धरून उंबऱ्यात आली. "हिच्यामुळं मला दूध आलं," ती म्हणाली. "माझ्या जावंचं पोर उपाशी रडत हुतं. त्ये आता पिऊन झोपलंय."

 गावातल्या सगळ्यांत थोरल्या माणसानं गुळाचा खडा घेतला आणि आधी त्या आईच्या जिभेवर ठेवला. तिच्या घशाखाली तो उतरेपर्यंत सगळं मोरढव उभं राहिलं.